तुळस दुसरीच्या डोक्यावर गेली, आता मी काय करू?

ताई, माझं वय ७३. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. चाळिशीत माळ घातली, तेव्हापासून आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली. दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन मीच पुढे असायचे. गेल्या वर्षी दिवे घाटात चक्कर येऊन पडले. एकादशी होती, पोटात काही नव्हतं. दिंडीच्या टेम्पोतून सासवडला नेलं. आता गुडघे पायरी चढू देत नाहीत, साखर आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ज्ञानेश्वरीतलं अक्षर दिसत नाही. दिंडीचालकांनी मला काही न सांगता मुलाला फोन केला, की आईंना यंदा पाठवू नका. तुळस दुसऱ्या बाईला दिली हे मला बाजारात कळलं. पुण्याचा मुलगा म्हणतो, सगळी वारी मोबाईलवर दिसते, घरी बसून बघ. लेक नातेपुत्याला दिली आहे, ती तिच्याकडे बोलावते. मी मात्र कुणाला न सांगता निघायचं ठरवलंय. वाटेत जीव गेला तर सोनंच झालं. नाहीतर बिनकामाचं जगून काय करायचं? देवाला मी नकोशी झाले का, एवढं सांगा.
— एक माळकरीण

मावशी, राम कृष्ण हरी.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की गुडघ्यांबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे आणि तुळशीबद्दल लिहिताना अक्षर हललं आहे. म्हणून आधी तुळशीचंच बोलू.

दिंडीचालकांनी तुमच्याशी केलं ते बरोबर नाही. तीस-तीस वर्षं ज्या बाईने दिंडीच्या पुढे तुळस वाहिली, तिला घरी येऊन, समोर बसून सांगायला हवं होतं. मुलाला परस्पर फोन करणं म्हणजे तुम्हाला मोजलंच नाही. असं फार ठिकाणी होतं. म्हाताऱ्या माणसाबद्दलचा निर्णय त्याच्या डोक्यावरून जातो आणि त्याला तो बाजारात, लग्नात, कुणाच्या तरी तोंडून कळतो. तुम्हाला वाईट वाटलं त्यात मानाची हाव अजिबात नाही. तुमची सेवा तुमच्या हातातून काढून घेतली आणि ‘घ्या मावशी, पुरे झालं’ असं म्हणायलाही कुणी आलं नाही, याचं ते दुःख आहे.

पण मावशी, सांगायची रीत चुकली म्हणून सांगितलेली गोष्ट चुकीची ठरत नाही. पुणे ते सासवड हा तीसेक किलोमीटरचा टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण. घाटात एक माणूस पडलं की मागची अख्खी दिंडी थांबते आणि तिच्या मागच्या दिंड्या अंगावर येतात. तुम्ही हे माझ्यापेक्षा जास्त जाणता. तुमच्या जागी दुसरी कुणी असती, तर तिला तुम्हीच म्हणाला असता, की बाई गं, यंदा राहू दे.

न सांगता निघायचा बेत सोडा. हे मी विनवून सांगते. वाटेत डोळे मिटले तर सोनं झालं, असं म्हणणारे वारकरी मीही पाहिले आहेत आणि त्यांच्या श्रद्धेपुढे मी काही बोलत नाही. पण ते मरण मागणं एक आणि मधुमेह असताना, डोळ्यांना दिसत नसताना, कुणाला न सांगता त्याला सामोरं जाणं वेगळं. तुमच्या शेजारी चालणारी एखादी पोरसवदा बाई तुम्हाला सावरायला बसेल. तिची वारी तिथेच थांबेल आणि जन्मभर तिला तो घाट आठवेल. मुलाला पोलिसांचा फोन जाईल. विठोबाच्या नावावर हे आपल्या माणसांच्या पदरात टाकू नका.

आणि ‘बिनकामाचं जगून काय करायचं’ हे वाक्य मला टोचून राहिलं आहे. हे एखाद्या दिवशी आलेलं वैतागाचं बोलणं असेल तर ठीक. पण रोज पहाटे हाच विचार येत असेल, झोप उडाली असेल, ताटावर बसावंसं वाटत नसेल, तर लेकीला स्पष्ट सांगा आणि डॉक्टरांनाही सांगा. १४४१६ या सरकारी नंबरावर दिवसरात्र कधीही फोन लावता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. भक्ती कमी पडली म्हणून मन खचत नाही. मोठमोठ्या भक्तांचीही खचतात.

आता तुमचा खरा प्रश्न. देवाला मी नकोशी झाले का?

देवाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही. पण आपल्या संतांमध्ये म्हातारपण कुणी पाहिलं, ते बघू या. ज्ञानोबांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. तुकोबा चाळिशी ओलांडून गेले. नामदेवराय मात्र परंपरेच्या हिशेबाने १२७० साली जन्मले आणि १३५० साली समाधिस्थ झाले, म्हणजे ऐंशी वर्षं जगले. ज्ञानोबांची समाधी १२९६ ची. त्यानंतरची ५४ वर्षं नामदेवांनी काढली. ज्यांच्याबरोबर तीर्थयात्रा केली, रात्र रात्र कीर्तनं केली, ती माणसं एकेक करून गेली. निवृत्तीनाथ, सोपानदेव, मुक्ताई, कुणी उरलं नाही. तुम्हाला दिंडीत आज जे वाटत असेल, की माझ्या बरोबरीच्या कुणीच राहिल्या नाहीत, सगळे चेहरे नवीन, ते नामदेवांना केवढं वाटलं असेल!

तरी ते चालते राहिले. पंजाबात पार घुमानपर्यंत गेले. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, आजही तिथे रोज गायली जातात. आणि पंढरपूरला त्यांची जागा कुठे आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. महाद्वाराची पायरी. देवाचा सर्वांत लाडका भक्त गाभाऱ्यात नाही, दारात आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागतील असा. इतकी वर्षं तुम्ही त्या पायरीला डोकं टेकवून आत गेलात. आता तुमचं वय त्या पायरीच्या जागेवर आलं आहे, मावशी. आजवर तुम्ही चाललात, आता दुसऱ्यांना आत जाता यावं म्हणून काही करायचं. हे काम कमी दर्जाचं असतं, तर नामदेवांनी मागून घेतलं नसतं.

सावतोबांचंही तेच. परंपरा सांगते, की ते अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. आणि आजही पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी त्यांना भेटायला अरणला जाते. पायी गेला तोच वारकरी, असं संप्रदायाने कधी म्हटलं नाही. २०२० साली करोनामुळे ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या वर्षीची वारी देवाने हिशेबात धरली नाही असं म्हणणारा एक तरी वारकरी तुम्हाला भेटला का? साक्षात माऊली गाडीने गेली, तर तुम्ही का जाऊ नये?

दिंडीचालकांना तुम्ही स्वतः फोन करा. भांडायला नको, रुसायला नको. एवढंच म्हणा, की तुळस मी माझ्या हाताने देणार, प्रस्थानाला आळंदीला येते. नाही म्हणायची त्यांची छाती होणार नाही. तिथे त्या नव्या बाईच्या डोक्यावर वृंदावन तुम्ही ठेवा. आणि त्याआधी तिला अर्धा तास घेऊन बसा, कारण तिला माहीत नसलेल्या किती गोष्टी तुमच्या मानेला आणि हातांना माहीत आहेत. चुंबळ कोरडी ठेवली तर दुपारपर्यंत टाळू तापते, ती ओली करून पिळून घ्यायची. पितळी वृंदावन उन्हात किती तापतं. घाटात हात बदलायचा तो कुठल्या वळणावर. रोपाला पाणी सकाळी घालायचं की मुक्कामाला. मोठ्या सरीत माती वाहून जाऊ नये म्हणून काय करायचं. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. तुम्ही सांगितलं नाही तर ते तुमच्याबरोबर जाईल, आणि ती बिचारी पहिल्या चार मुक्कामांत मान अवघडून बसेल. तुमच्याही डोक्यावर ती तुळस कुणीतरी ठेवलीच होती ना? त्या बाईचा राग आला असेल, तर एकदा तिला भेटाच. तिने काही हिसकावलेलं नाही, दिलं म्हणून घेतलं.

आळंदीहून परत या आणि काही दिवसांनी लेकीकडे नातेपुत्याला जा. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आहेच. माऊलींचा मुक्काम लेकीच्या गावात असतो, हे तुमचं केवढं भाग्य. गेली तीस वर्षं तुमच्या पायांना कुणी कुणी तेल लावलं, कुणी ओसरीवर पाठ टेकायला जागा दिली, कुणी रात्री उठून गरम पाणी दिलं, त्या बायकांची नावंही तुम्हाला माहीत नसतील. यंदा त्यांच्या बाजूला उभ्या राहा. खुर्चीवर बसून भाकरी थापता येत नाहीत, पण मिरच्या निवडता येतात, तेलाची वाटी गरम करता येते, थकलेल्या बाईशी चार शब्द बोलता येतात. कुठल्या फोडाला काय लावायचं, हे गावातल्या डॉक्टरपेक्षा तुम्ही चांगलं सांगाल.

तिथून जावयांनी किंवा मुलाने गाडीने वाखरीला न्यावं. रिंगण बघा, सगळ्या पालख्या एकत्र आलेल्या बघा आणि जमेल तेवढं, शंभर पावलं का होईना, दिंडीबरोबर चाला. आषाढीला रांगेत उभं राहायचा हट्ट नको, ती रांग धडधाकट माणसालाही तासन्‌तास उभं करते. कळसाचं दर्शन आणि नामदेव पायरी, एवढ्यावर समाधान मानून लाखो वारकरी परत फिरतात आणि त्यांची वारी पुरी होते. पायांवर डोकं ठेवायचंच असेल, तर गर्दी ओसरल्यावर, साधा दिवस बघून जा.

उपवासाचं जरा कठोरपणे बोलते. दिवे घाटात तुम्हाला देवाने पाडलं नाही. साखरेची गोळी घेतली असेल आणि वर पोट रिकामं, अशा वेळी साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधार येतो. उलट साबुदाण्याच्या खिचडीने आणि बटाट्याने ती भलतीच वर चढते. म्हणजे निर्जळी धरा की फराळ करा, दोन्हीकडे अडचण. महिन्याच्या दोन्ही एकादशा डॉक्टरांना सांगा, त्या दिवशी काय खायचं आणि गोळीचं काय करायचं, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी टाळू नका. ते म्हणाले उपवास नकोच, तर नको. एकादशीला दिवसभर नाम घेणारी बाई दोन घास खाल्ल्याने बाटत नाही.

मोतीबिंदू एवढे दिवस का ठेवला आहे? ते ऑपरेशन आता अवघड राहिलेलं नाही, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. आषाढी झाली की श्रावणात एक डोळा करून घ्या. नंतर काही आठवडे धूळ, धूर आणि डोक्यावरून पाणी सांभाळावं लागेल, म्हणून पालखीच्या आधी घाई नको. कोजागिरीपासून देवळात काकडा सुरू होईल, तोवर तुम्हाला अक्षर दिसू लागलं असेल. काकड्याच्या जुन्या चाली आता फार थोड्यांना येतात. गावातल्या पोरींना पेटीवरच्या, सिनेमाच्या चालीच माहीत. तुम्ही खुर्ची घेऊन देवळात बसा. खुर्चीवर बसून भजन केलं म्हणून कुणी नाक मुरडलं, तर मुरडू द्या. दोन पोरी जरी शेजारी आल्या, तरी त्यांना एकेक चाल पक्की करून द्या आणि नातवाला ती मोबाईलमध्ये भरून ठेवायला सांगा.

हे पान मुलालाही वाचायला द्या. दादा, तुम्हाला आईची काळजी वाटते हे खरं आहे, आणि पायी जाऊ नको म्हणता तेही बरोबर आहे. पण ‘घरी बसून बघ’ हे तिला सांगू नका. जिने अडीचशे किलोमीटर टाळांच्या आवाजात चालून आयुष्याचा अर्धा भाग घालवला, तिला तो पडदा पुरत नाही. आणि यापुढे तिच्याबद्दलचे फोन तिच्याकडे द्या, ती बहिरी नाही. प्रस्थानाचा एक दिवस आणि वाखरीचा एक दिवस, अशी दोन दिवसांची रजा आताच टाकून ठेवा. पुण्यात त्या पंधरवड्यात ऐनवेळी मागितली तर ती मिळत नाही.