दोन पेशींना कसलं आलंय टेन्शन?

प्रश्न : सर, माझी लेक हैदराबादला पीएचडी करायली. विषय विचारला तर ‘सुरुवातीचा भ्रूण पेशींवरचा ताण कसा सोसतो’ म्हणती. गावात लोक विचारायलेत, ‘पोरगी टेन्शनवर शिकायली का?’ मला सांगता येईना. दुसरं असं, माझ्याकडं दोन एचएफ गाई आहेत, एक लाल कंधारी. मे महिन्यात एचएफ भरवली की उलटती, गाभ राहत नाही; कंधारी राहती. लेक म्हणती, ‘बाबा, माझा अभ्यास ह्याच्याच जवळचा हाय.’ खरं का समजूत काढायली?
— एक शेतकरी वाचक, ता. कंधार, जि. नांदेड

उत्तर : दादा, लेक खरं बोलली.

तिचा ताण मनाचा नव्हे. पेशीतली प्रथिनं नीट घडी घातलेल्या धोतरासारखी असतात. उष्णता वाढली की घड्या मोडतात, प्रथिनं एकमेकांना चिकटतात. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं, तो त्याचाच टोकाचा प्रकार. मोडलेल्या घड्या सावरणारी वेगळी प्रथिनं पेशीकडे असतात. त्यांचा माग लागला तोही चुकून. इटलीत फेरुच्चो रिटोसा फळमाशीच्या अळ्या पाहत होते. कुणीतरी अळ्या ठेवलेल्या पेटीचं तापमान वाढवून ठेवलं आणि अळीच्या लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. उष्णतेनं जागी झालेली, हीच सावरणारी प्रथिनं बनवणारी जनुकं होती ती. १९६२ साली त्यांनी ते छापलं.

पेटीवरून आठवलं. परभणीला आम्ही कोंबडीची अंडी ३७.५ अंशांवर ठेवून २४, ३३, ४८, ७२ तासांचे भ्रूण काढायचो. बीएस्सी प्राणिशास्त्रवाल्यांना हे आकडे अजून पाठ असतील. एका रात्री थर्मोस्टॅट अडकला आणि सकाळी काटा ४३ वर. त्यातून मला काही थोर सुचलं असं नाही, दोन डझन अंड्यांचे पैसे गेले एवढंच दुःख झालं.

आता लेकीच्या विषयाचं मर्म. फळलेलं बीज, म्हणजे नवा भ्रूण, पहिले काही दिवस स्वतःचं फारसं काही शिजवत नाही, आईनं अंडपेशीत बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतं. त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात ती उंदरात दोन पेशींच्या टप्प्यावर, माणसात चार ते आठ, गाईत मुख्यतः आठ ते सोळा पेशींच्या टप्प्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर शिदोरीत जे नाही ते फारसं मिळायचं नाही. म्हणून माजानंतरच्या पहिल्याच दिवशी गाय तापली तर भ्रूण दगावण्याची भीती जास्त. तिसऱ्या दिवसानंतर तेवढ्याच उन्हाला तो बराच पुरून उरतो. अमेरिकेत गाईंना ठरावीक दिवशी उष्णतेत ठेवून हे तपासलेलं आहे.

मला स्वतःला याहून नवल वाटतं ते पेशींच्या मरणाचं. आठ-सोळा पेशींच्या आसपास भ्रूणाला आणखी एक गोष्ट साधते : फार बिघडलेली पेशी स्वतःला संपवू शकते. संशोधकांनी गाईच्या भ्रूणात हे मरण औषधानं अडवून पाहिलं. भ्रूण वाचायला हवे होते ना? उलट तापवलेल्या भ्रूणांचं नुकसान वाढलं. कपाशीची सडकी बोंडं वेळेवर काढली नाहीत की काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू.

तुमच्या कंधारीचं म्हणाल तर दोन गोष्टी आहेत. एक साधी : बारा-पंधरा लिटर देणाऱ्या एचएफच्या अंगात दूध बनवतानाच भट्टी पेटलेली असते, वरून नांदेडचा मे. दुसरी लेकीच्या वाटेची : ब्रह्मन आणि नेलोर या वशिंडवाल्या जातींचे भ्रूण प्रयोगशाळेत ४१ अंशांना ठेवले, तर ते होल्स्टिनच्या, म्हणजे तुमच्या एचएफच्या, भ्रूणांपेक्षा जास्त तगले. नेलोर म्हणजे आपल्याच आंध्रातल्या नेल्लोरकडून ब्राझीलला गेलेलं रक्त. तेव्हा कंधारी राहण्यात गाईचं अंग आणि पोटातल्या चार पेशी, दोघांचाही हात असू शकतो. लाल कंधारी आणि देवणी गाईंच्या भ्रूणांवर असा प्रयोग कुणी मनापासून करावा, ही माझी जुनी इच्छा आहे.

एचएफसाठी इतकंच : नुसतं भरवायच्या दिवशी पाणी मारून भागत नाही. बीजकोशात वाढणाऱ्या अंडपेशीलाही ऊन बाधतं, त्यामुळे पावसाळा लागल्यावरही काही आठवडे गाय उलटू शकते. सावली, पंखा, गार पाणी आधीपासून हवं. सात दिवसांचा तयार भ्रूण गाईत सोडतात, त्यात हे नाजूक दिवस टळतात. पण तो खर्च तीन गाईंच्या गोठ्याला परवडेल असं मला वाटत नाही.

लेक नेमक्या कुठल्या प्राण्याचे भ्रूण पाहते ते तुम्ही लिहिलं नाहीत. उंदीर का मासा का गाय, दिवाळीला आली की विचारून कळवा. आणि आजपासून गोठ्यात एक वही टांगा : कोणती गाय कधी भरवली, त्या दुपारी पारा कुठे होता, राहिली का उलटली. ती घरी आल्यावर हेच आधी मागणार.