२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, हे संगणक नसताना कसं सिद्ध केलं?

ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ती मूळ असल्याचं गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हातानेच दाखवलं, आणि त्याची युक्ती मला आजही फार सुंदर वाटते.

सरळ पद्धतीने गेलं तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या सुमारे ४८०० भरतात. पण समजा, प ही मूळ संख्या हिला भागते. ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार (२ च्या प-१ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते) प-१ ला ३१ ने भाग जायलाच हवा. शिवाय प ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरू शकते (इथे वर्गशेषांचा, म्हणजे वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा, नियम लागतो). दोन्ही अटी एकत्र केल्या की प ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ येते, दुसरं काही नाही.

आता चाळणी बघा: मूळ संख्यांपैकी पहिला उमेदवार ३११, त्यानंतर थेट १३०३! असे एकूण ८४ च उरतात. एकानेही भाग जात नाही.

२१४७४८३६४७ ला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या) मिळते: २३०५८४३००८१३९९५२१२८.