आधी बॅटरी, मग बाकीचं

हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संदेशाचा) परवाना आला, कॉलसाइन (हवेवरची तुझी ओळख) मिळाली, अभिनंदन! आता हँडसेट कपाटात ठेवू नकोस. रविवारच्या नेटला, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर जमायला, तिघंच आले तरी नेट घे, आणि नोंदवहीत वेळ, कॉलसाइन, सिग्नल रिपोर्ट लिही. क्लब त्यावरच टिकतो.

एका सरावात आमचा 100 वॅटचा सेट पीटीटी (बोलायचं बटण) दाबताच बंद पडला. मीटरवर 12.6 व्होल्ट दिसत होते. पण प्रसारणाला वीसेक अँपिअर लागतात, तिथे जुनी बॅटरी बसली. टर्मिनलवरचा पांढरा चुरा मी महिनाभर नुसता पाहत होतो, हेही कबूल करतो. तेव्हापासून लोड लावूनच तपासतो.

2021 च्या जुलैत चिपळूण-महाड बुडालं, तशा वेळी मोबाइलचा भरवसा नसतो. घाटापलीकडे दोन मीटर बँड (हँडसेटच्या आखूड लहरी) पोचेलच असं नाही. म्हणून 40 मीटर लहरींच्या बँडचा डायपोल (तारेचा अँटेना) बांधायला शीक: दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार, मुद्दाम खाली, चार-पाच मीटर उंचीवर. लहर सरळ वर जाते आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत उतरते. रात्री हा बँड जवळच्यांशी बोलायला बऱ्याचदा दगा देतो, तेव्हा 80 मीटर धर. आणि हो, गाठीला पेन्सिल ठेव. भिजल्या कागदावर बॉलपेन चालत नाही.