लाल जास्वंदीचा कृष्णधवल फोटो काढला की फूल पानांत हरवतं, काय करावं?

फोटो रंगीतच काढा आणि नंतर मोबाइलच्या एडिटिंग ॲपमध्ये कृष्णधवल करताना लाल रंगाचा स्लायडर (उजळपणाची सरकपट्टी) वाढवा, हिरव्याचा आणि पिवळ्याचा उतरवा. फूल पानांतून लगेच वर येतं. जास्वंदीचा लाल आणि पानांचा हिरवा यांचा उजळपणा बराचसा सारखा असतो, त्यामुळे रंग गेला की दोन्ही एकाच करड्या छटेत मिसळतात. (पानांत पिवळाही असतो, नुसता हिरवा हलवून भागत नाही.) आमच्या वर्ध्याकडच्या अंगणात मी असंच करतो, पाकळीवरच्या बारीक शिरासुद्धा उमटतात. मात्र तगर, मोगऱ्यासारख्या पांढऱ्या फुलांना हे लागू नाही. आपल्याकडच्या उन्हात त्यांच्या पाकळ्या सपाट पांढऱ्या होतात आणि गेलेला तपशील परत येत नाही. ती फुलं ऊन चढायच्या आत, एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं उतरवून घ्या.