पेट रेंट वाचवायला १४९ डॉलरचं इएसए सर्टिफिकेट घ्यावं का?

तुमचा मेसेज मोठा होता, बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात मांडतो. तुम्ही नवराबायको कॅलिफोर्नियात सनीवेलला एका मोठ्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहता, भाडं ३,१०० डॉलर, घर घेताना एक महिन्याचं भाडं डिपॉझिट म्हणून भरलंय. पॅनिक अटॅक येतात म्हणून गेले काही महिने तुम्ही थेरपिस्टकडे जाताय. आता शेल्टरमधून कुत्रा आणायचाय आणि लीजिंग ऑफिस म्हणतंय ५०० डॉलर पेट डिपॉझिट, वर दर महिना ७५ डॉलर पेट रेंट. एक वेबसाइट १४९ डॉलरमध्ये इमोशनल सपोर्ट ॲनिमलचं (इएसए, म्हणजे मानसिक त्रासात आधार देणारा प्राणी, ज्याला साधा पेट धरत नाहीत) लेटर, रजिस्ट्रेशन नंबर, आयडी कार्ड आणि कुत्र्याला घालायला ‘सर्व्हिस डॉग’ लिहिलेलं जॅकेट असं सगळं २४ तासात देतेय, तर घ्यावं का.

नका घेऊ. पैसे १४९ च आहेत म्हणून हो म्हणावंसं वाटतं, वर्षाला ९०० वाचणार असतील तर हिशोब सरळच दिसतो ना, पण त्या पॅकेजातल्या बहुतेक गोष्टींना किंमतच नाहीये. इमोशनल सपोर्ट ॲनिमलचं सरकारी रजिस्टर अमेरिकेत अस्तित्वातच नाही, त्यामुळे तो नंबर आणि ते कार्ड फक्त त्या वेबसाइटचं. हड, म्हणजे फेडरल गृहनिर्माण खातं, त्यांनी २०२० च्या नोटिशीत लिहिलंच होतं की पैसे भरले आणि चार प्रश्नांची उत्तरं दिली की मिळणारी अशी सर्टिफिकेटं पुरावा म्हणून पुरेशी धरता येत नाहीत. आणि ते जॅकेट तर घरात आणूच नका. सर्व्हिस डॉग वेगळा, तो ठरावीक कामासाठी ट्रेन केलेला असतो, आणि आपला कुत्रा सर्व्हिस डॉग आहे असं जाणूनबुजून खोटं भासवणं हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे, १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत जेल होऊ शकते.

शिवाय कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून कायदा आहे, एबी ४६८. सपोर्ट डॉगचं लेटर देणाऱ्याकडे चालू लायसन्स हवं, पेशंटशी किमान ३० दिवसांची ओळख हवी, नीट तपासणी झालेली हवी, आणि लेटरवर लायसन्सचा प्रकार, नंबर आणि ते कधीपासून आहे हेही हवं. म्हणजे ज्याने तुम्हाला कधी बघितलं नाही त्याचं २४ तासातलं लेटर इथेच अडकतं. ऑनलाइन थेरपीला हरकत नाही हं, लायसन्स असलेला माणूस खरंच ट्रीटमेंट देत असेल तर व्हिडिओ कॉलवर दिली तरी चालते.

तुमच्याकडे ती ओळख आधीच आहे! तुमची थेरपिस्ट तुम्हाला कित्येक महिने ओळखते, पुढच्या सेशनला तिलाच विचारा. खर्च फार तर त्या सेशनच्या कोपेचा, म्हणजे इन्शुरन्स असूनही आपण भरतो त्या रकमेचा, आणि तो एचएसएमधून, म्हणजे औषधपाण्याच्या करमुक्त बचत खात्यातून, भरता येतो. मात्र तिला काय विचारायचं ते नीट समजून घ्या. पेट रेंट वाचवायचंय असं नाही, तर माझा त्रास रोजच्या जगण्यात अडथळा आणतोय का आणि कुत्र्याने त्यात खरंच फरक पडेल असं तुम्हाला वाटतं का, हे विचारा. फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये, म्हणजे घर देताना भेदभाव करू नये यासाठीच्या फेडरल कायद्यात, अपंगत्वाचं संरक्षण १९८८ च्या दुरुस्तीने आलं, त्यात मानसिक आजारही येतो, पण कुत्रा आवडतो आणि घरी आलं की बरं वाटतं एवढं पुरत नाही. काही थेरपिस्ट अशी लेटर देतच नाहीत, त्यांचं म्हणणं ट्रीटमेंट आणि सर्टिफिकेट एकाच हातात नको, तर राग मानू नका, तुमच्या सायकियाट्रिस्टला किंवा फॅमिली डॉक्टरला विचारा.

लेटर मिळालं की लीजिंग ऑफिसला ईमेल करा, तोंडी नको, रीझनेबल अकोमोडेशन, म्हणजे अपंगत्वामुळे नियमात सवलत, हवंय असं स्पष्ट लिहा आणि कुत्रा आणायच्या आधी करा. त्यांनी मान्य केलं की कुत्रा पेट धरत नाहीत, मग पेट रेंटही नाही आणि पेट डिपॉझिटही नाही. डायग्नोसिसचे तपशील किंवा मेडिकल रेकॉर्ड मागायचा त्यांना अधिकार नाही. उगाच अडवलं तर राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे किंवा एक वर्षाच्या आत हडकडे तक्रार करता येते, वकील लागत नाही.

आता ५०० डॉलरचं वेगळं सांगतो कारण हे फार जणांना माहीत नसतं. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात एकूण डिपॉझिट एक महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, अगदी छोट्या घरमालकांना सूट आहे पण तुमचं कॉम्प्लेक्स त्यात बसत नाही, आणि पेट डिपॉझिट त्या मर्यादेच्या आतच धरतात. तुमचे ३,१०० आधीच भरलेत, म्हणजे लेटर असो नसो, वरचे ५०० त्यांनी मागायलाच नकोत. हे त्यांना नम्रपणे पण लेखी विचारा. आणि ते ५०० खर्च करू नका, सेव्हिंगमध्ये बाजूला ठेवा, कारण सपोर्ट ॲनिमल असला तरी कार्पेट फाडलं, दार ओरबाडलं तर नुकसानभरपाई तुमच्याच डिपॉझिटमधून कापली जाते, आणि आपल्याच कुत्र्याने भाड्याच्या घराचं केलेलं नुकसान रेंटर्स इन्शुरन्समध्ये, म्हणजे भाडेकरूच्या विम्यात, सहसा कव्हर नसतं. कुत्रा कुणाला चावला तर त्याच्या भरपाईचं कव्हर त्यात असतं, पण काही कंपन्या ठरावीक ब्रीड वगळतात, म्हणून कुत्रा पसंत करायच्या आधी एक फोन करून घ्या.

मला खरी काळजी वेगळीच वाटतेय. तुमच्या सगळ्या मेसेजमध्ये हिशोब ७५ डॉलरचाच आहे, कुत्र्याचा खर्च कुठेच नाही. खाणं, लसी, पिसवांचं औषध, व्हेट, महिन्याला २०० तरी धरा, आणि हा खर्च एचएसएत बसवता येईल असं धरून चालू नका. त्यात तुम्ही दर डिसेंबरला चार आठवडे पुण्याला जाता. बोर्डिंगचे रात्रीचे ६० धरले तर २८ रात्रींचे १,६८० झाले, म्हणजे एका ट्रिपमध्ये जवळजवळ दोन वर्षांचं पेट रेंट गेलं. लेटर दाखवून विमानात नेऊ म्हणाल तर तेही आता धरू नका, जानेवारी २०२१ पासून एअरलाइन्सना सपोर्ट ॲनिमल साधा पेट म्हणून धरायची मोकळीक आहे.

म्हणून थेरपिस्ट नाही म्हणाली तरी कुत्रा आणायचाच असेल तर पेट रेंट भरा आणि निर्धास्त रहा. तुमच्या पगारात ७५ डॉलर बसतात, आणि ७५ चीच ओढाताण होणार असेल तर मुळात कुत्राच बजेटमध्ये बसत नाहीये.

तुमच्या मिस्टरांनी विचारलंय की लेटरमुळे पुढे टर्म इन्शुरन्स महाग पडेल का. लेटर घरमालकाकडे जातं, इन्शुरन्सवाल्याकडे नाही. ते ट्रीटमेंट आणि औषधं विचारतात आणि ती तर चालूच आहेत, तिथे खरं तेच लिहा, आणि प्रीमियमच्या भीतीने थेरपी मात्र अजिबात थांबवू नका.

यंदाची डिसेंबरची तिकिटं काढली असतील तर माझं मत आहे की कुत्रा जानेवारीत परत आल्यावर आणा. शेल्टरमधून आलेल्या कुत्र्याला रुळायला वेळ लागतो, त्याला लगेच महिनाभर बोर्डिंगला ठेवणं त्याच्यासाठीही बरं नाही, आणि तोवर लेटर आणि लीजिंग ऑफिसचं लेखी उत्तर दोन्ही हातात आलेलं असेल.