गोव्यातल्या आपल्या घराण्याचा इतिहास शोधायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय: "आम्ही मूळचे फोंड्याकडचे, तीन पिढ्या मुंबईत. आजोबांच्या वडिलांपलीकडे कुणाला काही माहीत नाही. देवळातून वंशावळ मिळते म्हणतात, खरं का?"

देवळात मिळते ती पुरुषांची यादी. हे आधीच सांगते, कारण त्या यादीने माझ्या घरात जे झालं ते अजून मनातून जात नाही.

आमच्या थोरल्या बाप्पांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाने, घराण्याची वंशावळ केली होती. महाजनांच्या, म्हणजे देवळावर हक्क असलेल्या घराण्यांच्या, छापील यादीतून नावं घेतली, काही गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, वहीतून, काही ऐकीव. एकूण अकरा पिढ्या. फ्रेम करून ती चवथीला गावच्या घरी, माटोळीशेजारच्या, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या मांडणीशेजारच्या, भिंतीवर लावली. बाबांच्या नावाखाली एकच अक्षर होतं, 'नि.'. म्हणजे निर्वंश. मी आणि माझी बहीण त्याच खोलीत पातोळ्या वाढत होतो. मी विचारलं, तर बाप्पा म्हणाले, "बाय, मुली सासरच्या झाडावर जातात. रीत आहे ती." बाबा काहीच बोलले नाहीत.

बाबा गेल्यावर कुळागराच्या, म्हणजे आमच्या सुपारी-नारळाच्या बागेच्या, कागदांसाठी पत्र्याची पेटी उघडली आणि पणजोबांच्या इन्व्हेंटरीची, म्हणजे ते वारल्यावर मालमत्तेच्या वाटणीसाठी कोर्टात झालेल्या कामाची, नक्कल हाती लागली. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० मध्ये लागू झाला. त्यात वारस म्हणून मुलगा आणि मुलगी सारखेच, आणि नवरा-बायकोची मालमत्ता सहसा दोघांची निम्मी निम्मी. त्यामुळे माणूस वारल्यावर इन्व्हेंटरी घातली की कोर्टासमोर सगळ्या वारसांची नावं सांगावी लागत, लेकी-जावयांसकट. जमीन विकताना बायकोचीही सही लागते ती यामुळेच.

त्या कागदात कुटुंबप्रमुख म्हणून जबाब दिला होता माझ्या पणजीने. तिचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते तिथे. बाप्पांच्या फ्रेममध्ये ते नव्हतंच. वारस म्हणून तिने दोन मुलगे सांगितले होते आणि तीन मुली. आमच्या घरात "ते दोघेच भाऊ" एवढंच आजवर सांगत आले! तिघींची नावं, नवऱ्यांची नावं, गावं, सगळं होतं. पोर्तुगीज वाचून घ्यायला मी एका निवृत्त कारकुनांकडे तीन रविवार गेले.

धाकटीला डिचोलीकडे दिली होती. पत्ता काढत गेले. तिच्या नातसुनेने सोप्यावर बसवून चहा दिला आणि देव्हाऱ्याखालच्या फडताळातून फडक्यात गुंडाळलेली पत्रिका काढली. पणजोबांची जन्मपत्रिका, मोडीत लिहिलेली. बापाची आठवण म्हणून लेकीने सासरी नेली असणार, आणि तिथे ती इतकी वर्षं जपली गेली. त्यात पणजोबांच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव होतं. बाप्पांनी पणजोबांचे आजोबा म्हणून लिहिलेला माणूस खरा त्यांचा चुलता निघाला. म्हणजे पिढ्या अकरा नाहीत, दहा. ती चूक दुरुस्त झाली ती झाडावर नसलेल्या मुलीमुळे. बाप्पांना पत्रिकेचा फोटो दाखवला. "कागदात चूक असेल," म्हणाले. फ्रेम अजून तशीच आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आजोबांचा जन्म गोव्यातला असेल, तर त्या तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात त्यांच्या जन्मनोंदीची पूर्ण नक्कल मागा. तिला इथे 'तेओर' म्हणतात. साधा दाखला घेऊन परत येऊ नका. जुन्या पोर्तुगीज नोंदीत बहुतेक वेळा दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं असतात, म्हणजे एका कागदात दोन पिढ्या मागे. स्पेलिंगपाशी मात्र लोक अडकतात. परबांचा पोरोबो होतो, कामतांचा कामोतिम, शेणव्यांचा सिनाय. 'श'ने सुरू होणारं नाव एक्स अक्षराखाली बघा, 'क' सी किंवा क्यूखाली.

कुलदेवतेवरून जुनं गाव कळू शकतं, कारण पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा लोकांनी देव फोंड्याकडे हलवले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. पण गाव कळलं म्हणजे माणसं कळली असं नाही. "आम्ही देवाबरोबर आलो" हे फोंड्यात पुष्कळ घरं सांगतात, कागद थोड्यांकडे असतो.

हेही सांगायला हवं की ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, जे दुसऱ्याची शेतं कसत होते, त्यांची इन्व्हेंटरी सापडण्याची आशा कमी. महाजनांच्या यादीतही ती घरं नसतात. त्यांना जन्ममृत्यूच्या नोंदींवर आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून आधी माणसं गाठा, कचेऱ्या नंतर. आणि वारस म्हणून नाव लागलं म्हणजे लेकीला वाटा मिळालाच, असं समजू नका. पणजोबांच्या त्या तिघी लेकींच्याही हक्कसोडीच्या सह्या त्याच पेटीत होत्या.

तुमच्या प्रश्नात आजोबा आहेत, आजोबांचे वडील आहेत. आजी कुठल्या गावची, तिचं माहेरचं आडनाव काय, हे लिहिलेलं नाही. ते आज रात्रीच घरी फोन करून विचारा. सांगू शकणारं माणूस अजून असेल.