चौदा फोटॉनांत काय कळतं?

गेल्या लेखात एका क्वेसारबद्दल लिहिलं होतं. नाव यूएलएएस जे१३४२+०९२८. वाचताना गाडीची नंबरप्लेट वाटते, पण आम्हा खगोलशास्त्रज्ञांकडे बारसं असंच होतं. २०१७ मध्ये सापडलेला हा क्वेसार म्हणजे दीर्घिकेच्या गाभ्यात बसून वायू गिळणारं, ८० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम ६९ कोटी वर्षं होतं. ‘चंद्रा’ या अवकाश दुर्बिणीनं साडेबारा तास त्याच्यावर नजर रोखली आणि हाती लागले क्ष-किरणांचे १४ फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे १४ कण. बहुतेक पत्रं या शेवटच्या वाक्यावरच आली आहेत.

क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, मग हवेतून का येत नाहीत?

हवा विरळ वाटते, पण डोक्यावरचा सगळा थर मोजला तर तो दहा मीटर खोल पाण्याइतका भरतो. छातीचा फोटो काढताना किरणांना वीत-दीड वीत शरीर ओलांडायचं असतं. शिवाय दवाखान्यातले किरण ‘चंद्रा’ टिपते त्यापेक्षा बरेच जास्त ऊर्जेचे असतात. म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. तिचे आरसेही वेगळे. समोरून आलेला क्ष-किरण आरशात शिरून विरतो; तळ्यात चपटा दगड आडवा फेकला की टप्पे घेत जातो, तसा तो अगदी निसटता आदळला तरच परावर्तित होतो. त्यामुळे ‘चंद्रा’चे आरसे ताटासारखे नसून एकात एक बसवलेल्या पिंपांसारखे आहेत.

कृष्णविवरातून काहीच सुटत नाही ना?

आतून नाहीच. विवराभोवती फिरणारी वायूची तबकडी तापून अतिनील प्रकाश देते. तिच्या लगत अब्जावधी अंश तापलेल्या इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. अतिनील फोटॉन त्यात शिरला, की इलेक्ट्रॉनांचे धक्के खाऊन क्ष-किरण होऊन बाहेर पडतो.

१४ फोटॉनांवर शोध जाहीर करता? आमच्या कॉलेजात १४ वाचनांवर प्रयोग नापास होतो!

तुमच्या सरांचं बरोबर आहे, पण इथे मोजायचं ते वेगळं. ‘चंद्रा’कडून आधी चित्र येत नाही, तक्ता येतो. एका फोटॉनला एक ओळ: केव्हा आला, कुठे पडला, ऊर्जा किती. क्वेसारच्या जागेभोवती एक चिमुकलं वर्तुळ आखायचं आणि आतल्या ओळी मोजायच्या. दुर्बिणीची नजर इतकी तीक्ष्ण, की तेवढ्या वर्तुळात साडेबारा तासांत भटका फोटॉन सरासरी एकही पडत नाही. तिथे १४ पडले, म्हणजे योगायोग नव्हे.

मात्र तिथे काहीतरी आहे हे कळणं वेगळं आणि ते कसं आहे हे कळणं वेगळं. पुन्हा तेवढाच वेळ पाहिलं आणि १० किंवा १८ आले, तरी मी भुवई उंचावणार नाही. एवढ्यावर वर्णपटाचा उतार (जास्त ऊर्जेकडे फोटॉन किती झपाट्यानं कमी होतात ते) नेमका सांगणं म्हणजे चार शितांवरून भात बासमती की इंद्रायणी हे ठरवणं. जवळच्या तेजस्वी क्वेसारांहून हा फार वेगळा दिसत नाही, एवढं म्हणता येतं. (८० कोटींचा आकडा अवरक्त वर्णपटातून आला आहे, या फोटॉनांतून नाही.) थोडा जवळचा एसडीएसएस जे१०३०+०५२४ साडेपाच दिवस न्याहाळला, तेव्हा कुठे सव्वाशेच्या आसपास फोटॉन जमले.

अंतराचा एक फायदाही आहे. विश्व प्रसरण पावताना या किरणांची तरंगलांबी साडेआठ पट ताणली गेली आणि ऊर्जा तेवढ्याच पटीनं घटली. आपल्याकडे १ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा म्हणून पोचलेला फोटॉन निघताना साडेआठचा होता. असे कडक किरण क्वेसारभोवतीच्या वायूत सहज अडकत नाहीत. जवळच्या क्वेसारमध्ये तेच पाहायला वेगळी दुर्बीण लागते.

आपला ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हे करू शकेल का?

हा क्वेसार? नाही. २०१५ मध्ये सोडलेल्या या उपग्रहावरची मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) घडली. चकचकीत, जवळच्या स्रोतांसाठी ती उत्तम आहे. पण तिच्यात बिंदूचा ठिपका पसरतो तो चंद्रबिंबाच्या रुंदीच्या पंधराव्या भागाएवढा. एवढ्या मोठ्या वर्तुळात भटक्या फोटॉनांची जत्रा भरते, त्यात आपले चौदा शोधायचे कसे?